मशीन मोजली, सून राहिली

...नाही, तुम्हीच सांगा, कपडे धुण्याच्या मशीनचा कुणी हेवा करतं का? मी करते. उघड करते. आम्ही दोघी या घरात एकाच आठवड्यात आलो, ती खोक्यातून आणि मी लग्न करून. तिला खिडकीजवळची जागा मिळाली, अंगावर फुलाफुलांचं कव्हर मिळालं. मला मात्र पंख्याखालची सोडून कुठलीही खुर्ची चालते, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आणि नवीन तर मीही आहे!

एकदा मी ओट्याशी उभी, तर बाहेर सासूबाई आमच्या ह्यांना सांगतायत, "तिच्यावर फार भार टाकू नकोस रे, नवीन आहे अजून." तुम्हाला सांगते, डोळे भरून आले हो माझे... तेवढ्यात हे म्हणाले, "नाही आई, दोनच चादरी टाकल्यात."

तर परवा जनगणनेच्या बाई आल्या. उन्हातून दमून आलेल्या, म्हणून मी पाणी घेऊन गेले, तर सासरे ताठ बसून सांगतायत, "आम्ही चौघं." चौघं म्हणजे सासरे, सासूबाई, हे आणि धाकटे भावजी. मुद्दाम नाही हो, वर्षानुवर्षांची सवय जिभेची, वळली तशी वळली. मी ट्रे धरून तिथंच. मग बाईंनी विचारलं, घरात टीव्ही, फ्रीज, कपडे धुण्याची मशीन? सासूबाई खुलल्याच. "आहे ना, नवीनच आलीय. फार गुणी हो, आवाज म्हणून नाही." आवाज तर माझाही नाही! मला म्हटलं कुणी गुणी? आणि नवीन तर मीही आहे!

त्यात आदल्याच दिवशी आईचा फोन आलेला. त्यांच्याकडची मोजणी झाली म्हणे, आणि बाबांनी ठणकावून सांगितलं, "मुलगी आता तिकडची." बरोबरच आहे, माणूस राहतं तिथंच मोजायचं. पण म्हणजे तिकडे मी इकडची, आणि इकडे मी कुठलीच नाही. खिजगणतीत नसणं म्हणतात ना, ते हेच... अख्ख्या देशात एक माणूस कमी, आणि ते मी!

बाई उठायला लागल्या. सासऱ्यांनी खोचकपणे विचारलं, हे मोजून आमच्या पदरात काय पडतं? त्या म्हणाल्या, "काका, माणसं किती ते कळलं तर पाणी किती लागेल, दवाखाना कुठं हवा, ते ठरवता येतं. जो मोजलाच नाही, त्याची तहान कोण धरणार हिशेबात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"पाच जण आहोत आम्ही."

सासऱ्यांनी जीभ चावली. "अरे हो की, सूनबाई राहिली."

बाई परत बसल्या. नाव, वय, शिक्षण... लग्न ठरवताना कुणी एवढं विचारलं नव्हतं हो! मी मशीनकडे हळूच बघून घेतलं. तिला विचारलं का कुणी शिक्षण? म्हणून सांगते, मोजायला कुणी आलं की आतून बाहेर या आणि स्वतःला स्वतः मोजून घ्या. घरचे वाईट नसतात, विसरतात.

बाई गेल्यावर सासूबाईंनी चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं बोललीस. माणूस वाढलं की पाणीही वाढवून देतील." मी लाजले. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"तिला पाणी फार लागतं गं."

असो. मोजली तर गेले.