कावळा गेल्यावर दिलेला शब्द

मंडळी, जरा पुढं सरकून घ्या. मागं आयाबाया उभ्या आहेत, त्यांना बसू द्या. पाटीलबाबा, तुम्ही खांबाला टेकलात? टेका, टेका! पण डोळे मिटलेत तर मी नाव घेऊन हाक मारणार. मागच्या खेपेला मारली होती, आठवतंय ना?

देवाचं नाव घेऊन झालं. आता एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्या. गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, हे सांगायचा हक्क कुणाचा? भावाचा? दोस्ताचा? का त्या झाडावर बसलेल्या कावळ्याचा?

हसू नका! दहाव्याला आपण सगळे कावळ्याकडंच बघत उभे असतो की नाही? पिंड ठेवलेला असतो, ऊन चढत असतं आणि कावळा काही येत नाही. मग कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, 'पोरांची काळजी करू नका.' दुसरा म्हणतो, 'म्हातारीला आम्ही सांभाळू.' मागनं एकजण हळूच म्हणतो, 'अरे, तंबाखू ठेवा की.' आणि कावळा शिवला की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मी ह्या रीतीला नावं ठेवणार नाही. गेलेल्याच्या निमित्तानं जिता माणूस चारचौघांत शब्द देतो, ह्यात वाईट काय आहे? पण शब्द कसला देतो, तिथंच खरी गोम आहे. ऐका.

पंचगंगेच्या काठाला एक कापड विणणाऱ्या मागांचं शहर. दिवसभर मागांची खडखड. तिथं हौसाबाई राहायची. नवरा लवकर गेला. मागाच्या कांड्या भरून तिनं एकुलता एक पोरगा वाढवला, अवधूत त्याचं नाव. एक कुठला, दोन वाढवले म्हणा! अवधूतचा दोस्त इंद्रजित, गल्ली त्याला इंद्या म्हणायची. त्याला आई नव्हती आणि बाप कधी शुद्धीत नसायचा. अवधूत शाळेतनं येऊन ताटावर बसला की अर्धी भाकरी बाजूला काढायचा.

'ही कुणाला रं?'

'इंद्याला.'

हौसाबाईनं मग रोज एक भाकरी जास्त थापायला घेतली. 

पोरं मोठी झाली. मिसरूड फुटलं, कामाला लागली. आणि एका संध्याकाळी चौकात बाचाबाची झाली. कशावरनं? मोटरसायकल आडवी लावली म्हणून! खालच्या गल्लीतल्या एका पोरानं कोयता काढला आणि हौसाबाईचा अवधूत गेला. मोटरसायकल आडवी लावली म्हणून, मंडळी. मला हे सांगतानासुद्धा लाज वाटते.

मारणाऱ्याला पोलिसांनी त्याच दिवशी धरलं. पण त्याचा धाकटा भाऊ घरी होता, तुषार. कॉलेजात नुकता गेलेला पोर. त्या भांडणात तो नव्हता, त्या चौकातसुद्धा नव्हता.

दहावा उजाडला. घाटावर ही गर्दी! पिंडाभोवती माणसांचं कडंच झालं. हौसाबाई पायरीवर बसलेली. चुलत्यानं शब्द दिला, 'वहिनीला सांभाळू.' कावळा हलेना. मामानं दिला. कावळा पिंपळावर बसून नुसता मान वाकडी करून बघतोय. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. तेवढ्यात गर्दी सारून इंद्या पुढं आला. डोळे लाल. दहा दिवसांत तो एकदाही रडला नव्हता.

'अवध्या,' तो म्हणाला, 'ज्यानं तुला मारलं तो आत बसलाय. पण त्येचा भाऊ भाईर हाय. तुझं तेरावं होऊ दे. त्येला मी ठेवत न्हाई.'

अशा आवाजात म्हणाला की माणसं घाबरून मागं सरली. चुलता सरला, मामा सरला, गुरुजीसुद्धा ताम्हण घेऊन दोन पायऱ्या वर गेले.

आणि कावळा खाली आला. पिंडाला शिवला!

आता काय झालं असेल, सांगा.  घाटावर कुजबुज सुरू झाली. 'पोराची इच्छा हीच होती की हो!' चहाच्या गाड्यावर तेच, नळावर तेच. भली भली माणसं म्हणाली, वाईट आहे खरं, पण आता शब्द मोडता येणार नाही. आणि इंद्याच्या डोक्यावर तो शब्द बसला. त्यानं हौसाबाईच्या घरी जेवायला यायचं बंद केलं. खालच्या गल्लीत तुषारच्या बापानं दाराला आतनं कडी घातली.

एका माणसानं मात्र कावळ्याकडं बघितलंच नव्हतं. हौसाबाईनं! ती इंद्याकडं बघत होती.

बाराव्याला सकाळी तिनं इंद्याला गाठलं. 'चल माझ्यासंगं घाटावर.' आईच्या मायेनं वाढवलेलं पोर, नाही कसं म्हणणार? गेला. तिनं फडक्यातनं भाताचा गोळा काढला, दगडावर ठेवला आणि त्याला अगदी शेजारी बसवला.

'म्हण, त्या दिवशी काय म्हणालास ते.'

'मावशी, आता कशाला?'

'म्हण म्हणते न्हवं?'

तो म्हणाला. अक्षर न् अक्षर म्हणाला. कावळा पिंपळावर बसून राहिला.

'आता ऊठ. तिकडं लांब पायरीवर बसू.'

दोघं लांब जाऊन बसली. इंद्याला काही सुधरेना. 'आता काय म्हणू, मावशी? चप्पल चावतीया मला, घरी जाऊ का?'

तेवढ्यात कावळा आला, भात खाल्ला, गेला!

हौसाबाई म्हणाली, 'बघ. अवधूतला तुझी चप्पल चावायला पायजे हुती.'

हसलात ना? इंद्यालासुद्धा हसू फुटलं. आणि हसता हसता मंडळी, त्याचा बांध फुटला. जे दहाव्याला आलं नव्हतं ते रडू आलं. हौसाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

'लेकरा, तुझ्या आवाजाला भिऊन माणसं बाजूला झाली म्हणून कावळा उतरला. भुकेला हुता, खाऊन गेला. मला इचारलंस का, माझ्या अवधूतच्या मनात काय हुतं? ज्यानं आपल्या ताटातली अर्धी भाकरी तुला काढून ठेवली, त्यो तुला तुरुंगातली खायला लावंल व्हय?'

'पण मावशी, सगळ्यांसमोर शब्द दिलाय. पोरं तोंडावर थुंकतील.'

'शब्द माझ्या लेकाच्या नावानं दिलास. मग त्यो माझा. उद्या सगळ्यांसमोर मला परत दे.'

तेराव्याला पंगत बसली होती. हौसाबाई मांडवाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं पदर पसरला. 'इंद्या, टाक.' सगळे बघतायत. पोराचा चेहरा काळाठिक्कर पडलेला. त्यानं शर्टाखालनं कोयता काढला आणि तिच्या पदरात ठेवला. हौसाबाईनं तो नेऊन चुलीपाशी टेकवला. मग म्हणाली, 'हात धू आणि ताटावर बस.' आजही ती त्याच कोयत्यानं नारळ फोडते.

तुम्ही म्हणाल, बुवा, झालं आख्यान, लावा आरती. थांबा की! घाई काय आहे?

पुढं त्या शहरात कुठलं पोर असं मारामारीत गेलं की हौसाबाई आणि इंद्या दहाव्याला घाटावर जायचे. पिंडाकडं पाठ करून उभे राहायचे. दात आवळून कोण उभं आहे, हात खिशातनं कोण काढत नाही, ते बघायचे. आणि त्याला जेवायला घरी न्यायचे. हौसाबाई पोरांना उपदेश करत नसे, वाढत असे. इंद्या त्यांना कामावर लावून द्यायचा, आणि ज्याला झोप येत नाही त्याच्याशी बोलत बसायचा. त्याला त्यातलं सगळं ठाऊक होतं ना!

असंच एकदा कळलं, तुषारचा बाप गेला. थोरल्यानं केलेल्या पापाची लाज घेऊन तो माणूस खंगला होता.  इंद्या स्वतःच उठला आणि म्हणाला, 'मावशी, चल.'

घाटावर कोण होतं? गुरुजी आणि तुषार. बस्स. खुन्याच्या बापाच्या दहाव्याला कोण येणार? आणि मंडळी, गर्दीच नव्हती, त्यामुळं पिंड ठेवल्याबरोबर कावळा आला! शिवला आणि उडून गेला. गुरुजी म्हणाले, वडील तृप्त झाले. तुषार गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. बापाला शब्द द्यायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

इंद्या खाली उतरला. तुषारनं वर बघितलं आणि तो उठून मागं सरला. त्याला वाटलं, राहिलेला शब्द पुरा करायला आला. इंद्यानं पिंडासमोर हात जोडले.

'काका, तुषारची काळजी करू नका. आजपास्नं त्यो आमच्यात जेवंल.'

तुषार म्हणाला, 'दादा, कावळा कवाच गेला. आता कुणाला सांगताय?'

इंद्या म्हणाला, 'तुला.'

मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? गेलेल्याच्या मनात काय होतं ते त्यालाच कळतं, जो राहिलेल्याला जवळ घेतो. उद्यापरवा तुम्ही कुणाच्या तरी दहाव्याला जालच. कावळ्याकडं मी बघतो, तुम्ही मान मागं वळवा. तिथं एक पोर उभं असेल. त्याला शहाणपण शिकवू नका. जेवलास का, एवढं विचारा. आणि घाटापर्यंत तरी कशाला थांबायचं? तुमच्या गल्लीत असं एक पोर आहे, ज्याला बघून तुम्ही रस्त्याच्या पलीकडनं जाता. त्याचं नाव आत्ता तुमच्या मनात आलं. पाटीलबाबा, तुमच्यासुद्धा आलं, मला दिसलं. मोठ्यानं सांगू नका. फक्त आज घरी जाताना त्याच्या दारावरनं जा आणि त्याला हाक मारा.