बॉनेटखालचं टोपण

छे रे श्रीरंग, मला काय माहीत तुझी बायको कुठेय ते? शेजारीण आहे मी, पहारेकरीण नाही — हसतोस काय? बरं, बघते मी खिडकीतून, बघते! इथे साता समुद्रापार, ह्या पार्सिपनीत दुसरं बघायला आहे काय? समोर तुझा ड्राइव्हवे, आणि त्यात आज सकाळी तू — टाय लावून, गाडीचं बॉनेट उघडून. मला वाटलं, गुणाचा गं बाई नवरा, बायकोची परीक्षा म्हणून तेलपाणी बघतोय! आणि तू काय केलंस? आतून काहीतरी काळं, वायरी लोंबणारं उपटलंस, ऑफिसच्या बॅगेत कोंबलंस आणि त्या तुझ्या ऑफिसातल्या कुमारच्या गाडीत बसून गेलास — थांब, बोलू दे मला. ह्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, ते डिस्ट्रिब्यूटरचं टोपण, त्यावाचून गाडी चालूच व्हायची नाही. इंजिनियर ना तू? हेच शिकलास?

नऊला तिची फिजिक्सची फायनल. किल्ली फिरवतेय, फिरवतेय, गाडी नुसती खोकतेय — शेवटी विनूला कडेवर घेऊन माझ्या दारात. 'काकू, आजच कशी हो बंद पडली?' काय सांगू? तुझ्या नवऱ्यानंच पाडली म्हणून सांगू? परीक्षेच्या तोंडावर? गिळलं मी. आणि काढली गाडी. मी! भाजीच्या दुकानापलीकडे कधी गेले नाही, ती रूट टेनच्या हायवेवर — मागे ट्रक भोंगा मारतोय, विनू टाळ्या पिटतेय, मी रामरक्षा म्हणतेय आणि पद्मिनी शेजारी बसून कसलीशी सूत्रं पुटपुटतेय. पण पोचवली.

काय म्हणालास? 'कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय कॉलेज आहे?' मंडळाच्या दिवाळीलाही हेच. तिच्यादेखत, चार पुरुषांत — 'आमची ही परत बारावीला बसलीय' — आणि सगळे फिदीफिदी हसले. सत्त्याऐंशी साल आहे रे! जळगावची बी.एस्सी. अर्धी टाकून तुझ्यामागे आली, इथे ती कुणी धरेना, म्हणून पहिल्यापासून सुरू केलं पोरीनं, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांत बसून. आणि ही दोन वर्षं फुकट नाही जात, कळलं? युनिव्हर्सिटीत सगळी धरतात, म्हणून तर त्यांनी तिला थेट तिसऱ्या वर्षाला —

तुला नाही सांगितलं तिनं?

जळली माझी जीभ. आता निघालंच आहे तर ऐक — सप्टेंबरपासून जाणार ती, आजचा पेपर नीट गेला असला तर. आणि गेलाय नीट! विनूला मी सांभाळीन, तिला कॉलेजात सोडायलाही मीच जाईन, तुझी गाडी ठेव तू देव्हाऱ्यात आणि कर पूजा — ओरडू नकोस! विनू झोपलीय आत. हो, इथेच आहे, मग कुठे असणार? आणि आवाज चढवायचा तर तुझ्या घरी चढव, माझ्या दारात नको, सकाळपासून उपाशी पोर आत्ता कुठे चार घास खायला बसलीय —

हो. आहे पद्मिनी इथेच. स्वयंपाकघरात.

ऐकलं तिनं. गाडीचंही ऐकलं. मी तिला ते सांगणार नव्हते रे कधीच.

नाही, ती बाहेर येणार नाही. आणि तू उंबरा ओलांडायचा नाहीस.

जा, श्रीरंग.