मधले चौदा मीटर

हॅलो?… हॅलो, छोटे? बोल. चढलीस का जहाजावर?… बरं. रखवालदाराने सही घेतली?… चारला शिडी उचलणार म्हणाला? मग चारलाच, हं. उद्या सकाळी ओढून नेणार आहेत, मग भंगारवाले कापतील. त्याला काय तुझ्यासाठी थांबायची हौस आहे? आत्ता सव्वातीन झालेत… हो, घेऊन बसलेय यादी! मी यादी घेऊन बसते म्हणून तर तू आयुष्यात कुठे वेळेवर पोचतेस.

बाबांची वही उघडलीय समोर… तीच, निळी. वर लिहिलंय, 'जहाजाची नोकरी.' स्वतःची नाही गं, जहाजाची… ऐक ना. पहिलं नाव एका राजकन्येचं. अकरा वर्षं, दोन बंदरांमधली फेरी, माणसं आणि मोटारी. मग विकलं. दुसरं नाव कुठल्याशा ताऱ्याचं. त्याच वर्षी गोदीत नेऊन मधोमध कापलं आणि चौदा मीटरचा नवा तुकडा घालून परत जोडलं… हो, पावात बटाटा भरावा तसं. खोल्या वाढवायला. तिसरं नाव मालकाच्या बायकोचं, तेव्हा आत जुगाराचा हॉल झाला. मग मालकाची बायको बदलली, जहाजाचं नावही बदललं… मी नाही, बाबांनीच लिहिलंय. खाली रेघ मारलीय, 'नावे चार, सुतार एकच.'

आता सुतारखोली. चौथा मजला, अगदी मागचं टोक. पुढच्या बाजूने शिरलीस ना?… मग तो लांब पॅसेज समोरच असेल. टॉर्च लाव, वीज परवाच तोडलीय. आणि भिंतीच्या कडेने चाल. बाबांनी खूण दिलीय. जुन्या भागातल्या दारांना उंबरे आहेत, नव्या तुकड्यातल्या दारांना नाहीत. 'अंधारात पायाने ओळखावे.' म्हणजे आधी उंबऱ्याची दारं, मग बिनउंबऱ्याची अकरा, मग परत उंबरे. परत सुरू झाले की डावीकडचं तिसरं दार… कळलं? म्हण बघू… शहाणी.

रंधा तेवढा घे. बाकी काही नको, घरात आधीच जागा नाही. निवृत्त झाले त्या दिवशी विसरून आले, आणि मग बारा वर्षं रोज आठवण. आणायला मात्र गेले नाहीत… दवाखान्यातही? दवाखान्यातही रंधाच मागत होते?… हे मला नाही सांगितलंस तू… हो, मी नव्हते. तीन दिवसांनी पोचले. माहितेय मला, छोटे. चाल तू.

काय?… पोचलीस? इतक्यात कशी पोचशील! बिनउंबऱ्याची किती मोजलीस?… एकही नाही म्हणजे?… सगळ्यांना उंबरे?… अगं चौदा मीटर लोखंड आहे ते, दुकानात विसरायची छत्री नाही. परत मोज… बरं, नको मोजूस.

टॉर्च का बंद केलास?… दिवे? कुठले दिवे?… सगळे?… छोटे, तिथे वीज नाहीये… गालिचा. कसला रंग?… हिरवा. आणि वास, ताज्या रंगाचा. थांब जरा… वही बघतेय गं, थांब… हिरवा गालिचा तिसऱ्या वर्षी घातला. जहाज कापलं तेव्हा काढून जाळला. तू तेव्हा रांगत होतीस.

मागे फिर. आत्ताच्या आत्ता… जाऊ दे तो रंधा खड्ड्यात. आलीस त्याच दाराने बाहेर… काय आहे तिथे?… भिंत. बरं. बरं, घाबरू नकोस. मी कुठे घाबरलेय? सर्दी झालीय, आवाज असाच येतोय सकाळपासून.

कोण?… काय करतोय?… दार बसवतोय. मिशी आहे?… वय किती दिसतं?… त्याच्याशी बोलू नकोस, छोटे… बोललीस. काय म्हणाला?… 'ताई, हात लावू नका, रंग ओला आहे.' तुला ताई म्हणाला…

ऐक. त्याचा डावा अंगठा बघ… नख आहे? अख्खं?… ते नवव्या वर्षी गेलं. करवतीत. इथे लिहिलंय, दिवसासकट.

रडू नकोस. तो घाबरेल… नाही. नाही, थांबायचं नाही तिथे. 'जरा वेळ' म्हणजे काय? चारला बारा मिनिटं आहेत!… बसायचंय? त्याच्यापाशी? आणि शिडी उचलली म्हणजे?… छोटे, तू होतीस त्यांच्याजवळ. पाणी पाजलंस, हात धरलास. माझ्या वाट्याला तेही नाही. तरी मी सांगतेय ना, नीघ. मला आता तू एकटीच आहेस. हे एकदाच सांगतेय, परत नाही सांगणार.

वाट सापडत नाही… हं. वहीत हे जिने नाहीतच, मी तरी काय सांगणार.

त्याच्याकडे फोन दे… दे गं.

हॅलो?… नमस्कार… हो, कानालाच लावा… नाही, उलटा धरलात… हां. वायर नसते याला. नवीन प्रकार आहे… मी ऑफिसातून. हो, कंपनीच्याच समजा. ऐका ना, त्या बाई वाट चुकल्यात… धाकटी बहीण माझी… हो का? ओळखीची वाटतेय तुम्हाला?… आमच्या वडिलांवर गेलीय ती, नाक तर सगळं त्यांचंच. तिला शिडीपर्यंत सोडाल का? सगळे जिने तुमच्या पायाखालचे… काम सोडून कसे याल, कळतंय मला. दोन मिनिटं फक्त… फार उपकार होतील.

मी? नाही, आपली ओळख नाही. बा… काही नाही, ठसका लागला.

काय विचारलंत?… विकणार म्हणून बोलतायत सगळे? विकतील कधीतरी. नाव बदलेल. जहाज राहील हो, पुष्कळ वर्षं राहील. तुम्हीही राहाल… ऑफिसातल्या माणसांना कळतं थोडंफार… लग्न?… ठरतंय? मग अडलंय कशासाठी?… नोकरीसाठी. नोकरीची काळजी नका करू.

करा. करा तुम्ही लग्न.

हो, अगदी खात्रीने सांगते… ते मला काय माहीत! मुलगे होतील, मुली होतील… मुली झाल्या तर चालतील ना?… बरं. बरं वाटलं. निघा आता, चार वाजतील.

छोटे? चल त्याच्यामागे. काही विचारू नकोस… त्याच्या हातात आहे? तोच, पितळी पट्टीचा? राहू दे. मागू नकोस, खबरदार. त्याला अजून तीस वर्षं लागणार आहे तो… लागू दे ठेच, चाल… वारा लागतोय?… शिडी! उतर. दोन्ही हात कठड्याला. फोन खिशात घाल… बंद नको करूस, नुसता खिशात घाल. मी आहे.

…

…

छोटे?… पायाखाली काय आहे?… फरशी. धक्क्याची ना? पाय आपटून बघ… हं, ऐकू आलं. रखवालदार कुठाय?… जागेवरून हललासुद्धा नाही? आणि शिडी वर गेलीसुद्धा? मग कुणी उचलली?… वरून ओढून घेतली… वर कोणी दिसतंय?… बरं. नसू दे.

काय बोलणार माझ्याशी? लग्न करू का, विचारत होते… अगं खरंच… मग काय नाही म्हणू? हो म्हटलं. दोघींच्याही वतीने.

रड. गाडीत बसून रड, काच लावून घे. मग सावकाश ये. पोळ्या करून ठेवते… नाही, फोन तू नको ठेवूस. दर वेळी तूच आधी ठेवतेस. आज मी ठेवते.