दोनदा वाढून घेतलेली भाजी

बाळाच्या तापाची धास्ती घेऊन मी दवाखान्यात बसले होते. शेजारी हाताला प्लास्टर घातलेल्या आजी आणि त्यांचे यजमान.

"आज प्लास्टर निघतंय. उद्यापासून स्वयंपाकघर माझं."

"मग मी काय करू?"

"पूर्वीसारखा पेपर वाचा."

"अगं, कालची फ्लॉवर-बटाट्याची रस्साभाजी वीस मिनिटांत केली मी!"

"पहिल्या दिवशी कांद्याचा कोळसा केलात, तेही सांगा."

"काल मात्र मसाल्याला तेल सुटेपर्यंत हललो नाही. तू दोनदा वाढून घेतलीस."

"भूक होती."

"खरं सांग."

"बरं, माझ्यापेक्षा चांगली झाली होती. झालं समाधान?"

नर्सनं हाक मारली.

"आजी, हात दुखतो का अजून?"

आजींनी यजमानांकडे पाहिलं.

"दुखतो हो. भाजी ढवळायला तर अजून आठवडाभर जमायचं नाही."