सुंदराबाईंचे चार स्वेटर

मंडळी,

आपण सगळे आलात. वेस्ट मांबलमच्या या लहानशा हॉलमध्ये आज उभं राहायला जागा नाही. सुंदराबाई हयात असताना यातले निम्मे जरी त्यांच्या दारात गेले असते, तर मला आज असं बोलावं लागलं नसतं. बोलणं जड जातंय. दुःखानं जातंय, पण त्याहून जास्त रागानं. वडीलधाऱ्यांनी माफ करावं, नाहीतर करू नये.

आत्तापर्यंत तिघं बोलले. तिघांनी एकच सांगितलं, बाई फार सोशीक, कधी काही मागितलं नाही. अहो, कोणी विचारलं होतं?

माझी त्यांची ओळख विणकामाची. आपल्या मंडळाच्या वर्गात मी बायकांना स्वेटर विणायला शिकवते. यजमान गेल्यावर सुंदराबाई वर्षभर मागच्या खोलीत बसून असायच्या. जेवायला हाक मारली तर यायच्या, कधी तेही नाही. त्यांच्या सूनबाई इथं समोर बसल्या आहेत. त्यांनीच एक दिवस सासूबाईंना ओढून माझ्या वर्गात आणलं. तेवढं पुण्य त्यांच्या पदरी आहे, ते मी नाकारणार नाही.

मद्रासेत लोकर कशाला, म्हणून सगळेच हसले. इथं घामानं सुया बोटांना चिकटतात. सुंदराबाई बोटांना पावडर लावून बसायच्या. पहिले काही दिवस रोज टाके सुटायचे, रोज उसवायचं, रोज पुन्हा घालायचे. मग एका सकाळी अख्खी ओळ सरळ आली आणि त्या हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पण शिकवते म्हणून मला अक्का म्हणायच्या. म्हणाल्या, "अक्का, हे हातात असलं की मन घरभर फिरत नाही."

आणि घरात कडक मडी, म्हणजे सोवळं. आंघोळ करून सोवळ्यात बसलं की कशाला शिवायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. पण लोकर सोवळ्याला चालते. सुताला विटाळ, लोकरीला नाही, हे तंजावरहून आलेल्या तुमच्या घरांत लहान पोरांनाही ठाऊक. म्हणजे ज्या वेळी बाईंना दुसरं काही करायची मुभा नव्हती, नेमक्या त्या वेळी त्या विणायच्या. विणता विणता गुणगुणायच्या. भाजीवालीशी तमिळमध्ये घासाघीस करू लागल्या. सूनबाईच मला म्हणाल्या होत्या, आमच्या सासूबाई परत आल्या.

मग चीनशी लढाई झाली. आपल्या मंडळानं जवानांसाठी स्वेटर विणायचे ठरवले. जॉर्ज टाउनच्या बाजारातून लोकर आणली. सुंदराबाईंनी चार विणले. बाकी कोणाचे दोनच्या वर गेले नाहीत. आणि टाके असे, की शिकवणारी मी, मलाच लाज वाटावी.

गठ्ठा बांधायच्या दिवशी, सुंदराबाई नसताना, आपल्यातलीच एक म्हणाली, जवान लढायला जातोय, त्याच्या अंगावर विधवेच्या हातचं नको. अपशकुन होतो. तिचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की बाकीचे सुटाल. त्या खोलीत आम्ही अकराजणी होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही. पुरुषांना नंतर कळलं, तर ते म्हणाले, बायकांचं बायका बघतील. ज्या लोकरीला कशाचा म्हणून विटाळ होत नाही, तिला एका बाईच्या हाताचा झाला? कोणत्या शास्त्रात आहे हे? व्यंकटराव, तुमच्या आई होत्या त्या. तुम्हालाही माहीत होतं.

आणि मी? मी मंडळाची चिटणीस. चारही स्वेटर मी माझ्या हातांनी कपाटात ठेवले. कुलूप लावलं. आणि सुंदराबाईंना सांगितलं, गेले, पोचलेसुद्धा.

दोन वर्षं त्या माझ्या त्या खोट्यावर जगल्या. थंडीच्या दिवसांत पेपर आला की विचारायच्या, तिकडे बर्फ पडलं का. कधी न पाहिलेली चार माणसं त्यांनी आपली मानली होती. मग एकदा वर्गात लोकर कमी पडली. कपाटात उरलेली असेल, बघा, म्हणून मीच त्यांच्या हातात किल्ली दिली. स्वेटर तिथंच आहेत हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. इतकं सहज विसरले होते मी.

आठवलं तशी मी धावत गेले. वाटलं, रडतील, मला बोलतील. बोलायला हव्या होत्या. त्यांनी चारही स्वेटर मांडीवर घेतले होते. कसर लागली होती, ती झटकत होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अक्का, मग त्या चौघांनी थंडीत काय घातलं?"

त्यानंतर त्यांनी सुया हातात धरल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले, दोन्ही वेळा त्यांनी मला कॉफी दिली आणि आत निघून गेल्या. पुन्हा तीच मागची खोली. डॉक्टर म्हणतात, हृदयविकार. असेल.

आता उभे राहा. आत्म्याला शांती मिळो असं कृपा करून कोणी म्हणू नका. शांती त्यांनी स्वतःच्या हातांनी मिळवली होती, ती आपण काढून घेतली. दोन मिनिटं गप्प राहू या. गप्प राहायची आपल्याला सवय आहेच. आज फक्त मान खाली घालून राहा.