पल्याडचा काठ

राहुरीच्या एसटी स्टँडवर कंपाउंडर भानुदास पेपर उघडून बसले होते. शेजारच्या बाकावर गाठोडं घेतलेली राहीबाई आणि म्हातारी बनुबाई बोलायला लागल्या, आणि पेपराचं पान उलटायचं राहूनच गेलं.

"राही, नव्या धरनावर गोरा सायब तंबू ठोकून ऱ्हायलाय म्हनं?"

"व्हय मावशी. फळीला शीड लावतो, वर उभा ऱ्हातो अन् वाऱ्यासंगं पान्यावर पळतो. सारखा पडतोय बी."

"मग?"

"आमच्या मालकांना वाटलं, बुडतोय! उडी टाकली अन् लांब केसं धरून वढला काठाला."

"चिडला आसंल!"

"हसला! मालकांनाच फळीवर चढवलं. तेवढ्यात सुटला वारा."

"पडले?"

"पडत्यात कशाला? शीड गच्च धरलं अन् गेले थेट पल्याडच्या काठाला."

"पल्याड म्हंजी तुझ्या माहेरी?"

भानुदासांची श्रीरामपूरची गाडी लागली आणि सुटलीही. ते हलले नाहीत.

"लग्नातल्या मानपानावरून रुसले हुते ना! सासुरवाडीची पायरी चढनार न्हाई म्हनले, मला बी कदी धाडलं न्हाई. आता आईनंच वल्लाचिंब जावई हाताला धरून घरी नेला."

"माघारी आले का न्हाई?"

"सायब येऊन फळी घेऊन गेला. ह्ये तितंच. परवापासनं पुरनपोळ्या खात्यात."

"म्हंजी आनायला चाललीस?"

राहीबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"आनायला कशाला, मावशी? ऱ्हायाला चाललेय!"