दुसऱ्या रविवारची तिसरी सूचना

अहो, हसू नका! तुम्हाला हसायला येतं, पण मला नात झाली हे मला कुणी सांगितलं ठाऊक आहे? दाईनं नाही, मुलानं नाही, सुनेनं नाही… मंडळीच्या सेक्रेटरीनं! भरल्या चर्चमध्ये, उभं राहून, 'भगिनी मंडळाची सभा पुढे ढकलली आहे' आणि 'फाटकाशी सायकली लावू नयेत' या दोन सूचनांच्या मधोमध! आपल्याच घरची बातमी, आणि ऐकायची कुठे? तर चर्चमध्ये, सूचनांच्या वेळेला!

पण अशी मधूनच नको, रीतीनं सांगते. तर एक होते शांताराम पाटोळे. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहायचे, सरकारी हापिसात सेक्शन ऑफिसर, मंडळीत पंच. त्यांना एक बायको होती प्रमोदिनी, बिनशिकलेली, तोंडाळ… म्हणजे ही मी. आणि त्यांना एकुलता एक मुलगा होता बळवंत, गाजियाबादेत कारखान्यात इंजिनियर. आणि ते तिघं सुखानं… कसलं सुखानं! सुख हवं तर पाटोळ्यांचं नाक कापून ठेवायला हवं, बापाचंही आणि लेकाचंही!

आमची मराठी मंडळी म्हणजे मूठभर माणसं. चर्च हिंदी मंडळीचं, बाक त्यांचे, पंखे त्यांचे. आम्हाला महिन्यातला दुसरा रविवार मिळायचा, तोही भर दुपारी. एकदा आपली गाणी, आपली प्रार्थना, अर्पण झालं की सूचना, मग चहा, की पुढच्या महिन्यापर्यंत राम राम म्हणा की जय ख्रिस्त म्हणा. आणि आमच्यात रीत अशी की लग्न ठरलं की दोघांची नावं उपासनेत तीनदा वाचायची. 'कुणाची हरकत असल्यास कळवावी.' हिंदीवाल्यांचं तीन रविवारांत उरकतं. आमचं? मोजा की तुम्हीच! तीन महिने! तेवढ्यात ठरलेली लग्नं मोडतात हो.

बळवंताला आवडली वृंदा. आमच्याच मागच्या ब्लॉकातल्या श्रीरंग आगाश्यांची मुलगी. त्यांचा गणपती, आमचा नाताळ, पण करंज्या दोन्हीकडे यायच्या-जायच्या. वृंदाची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणे नातीच्या डोक्यावर अक्षता टाकू द्या आणि मग मला न्या. आता म्हातारी काय तीन महिने वाट बघणार? पोरांनी कोर्टात सह्या केल्या, आजीसमोर हार घातले, आणि आले पाया पडायला.

ह्यांनी दारातच अडवलं. आवाज चढवला नाही हो, हापिसात फाइलवर शेरा मारावा तसं म्हणाले, "मंडळीत नावं वाचली गेली नाहीत, म्हणजे मंडळीला कळलं नाही. मंडळीला कळलं नाही, म्हणजे लग्न झालं नाही. तिसरी सूचना वाचली जाईपर्यंत या उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

बळवंत म्हणाला, "मग वाचा की!"

"झालेल्या लग्नाची वाचत नाहीत."

"म्हणजे मी कधीच यायचं नाही?"

"ते तू बघ."

"बरं. नाही येत." आणि फिरला. आणि मला ह्यांनी शपथ घातली, दोघांशी एक शब्द बोलायचा नाही. आणि मी बावळट, पाळली! त्या वेळच्या बायका आम्ही… आताच्या पोरी असत्या तर शपथ पिशवीत घालून बस पकडून गाजियाबाद गाठलं असतं!

मग एका दुसऱ्या रविवारी बघते तर काय, बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर वृंदा! ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, एकटीच. गाणं येत नाही, कुठे उठायचं कुठे बसायचं कळत नाही, सगळे बसले की ही उभी, सगळे उभे की ही बसलेली. चहाच्या आत निघून गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्यापुढच्या महिन्यात पुन्हा. मग दिसेनाशीच झाली, आणि माझा जीव टांगणीला. काय झालं, कुणाला विचारू? आगाश्यांकडच्या करंज्यासुद्धा तेव्हापासून बंद झालेल्या.

आणि एक दिवस गुणवंतराव उठले. आमचे सेक्रेटरी. ते पण सरकारी हापिसात कारकून, यांची सूचना म्हणजे परिपत्रकच! "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सौ. वृंदा बळवंत, गाजियाबाद, यांना कन्यारत्न झाल्याप्रीत्यर्थ देवाचे आभार मानण्यात येत आहेत." आमच्यात अशी आभाराची सूचना देतात, पाकिटात काही घालून. वृंदाला वाटलं, नवस फेडतात तसंच हे! तिनं भावाच्या हाती पाकिटाबरोबर नारळ आणि पेढे पण धाडलेले. गुणवंतराव नारळ हातात घेऊन विचारतात, "याचे काय करावयाचे आहे?" पेढे चहाबरोबर गेले, नारळ पाळकीणबाईंनी, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या बायकोनं, भाजीत घातला. आणि मी? मी आजी झाले होते, आणि आख्खी मंडळी माना वळवून माझ्याकडे बघत होती, आणि मला रडायची सोय नाही, हसायची सोय नाही! पलीकडे पुरुषांच्या बाजूला हे गाण्याचं पुस्तक उघडून बसलेले. पुस्तक उलटं! मला वाचता येत नाही, पण उलटं कळतं हो!

घरी येऊन हे सरळ पेपर उघडून बसले. पण माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्द बोलायचा नाही ना? ठीक आहे. मग सूचना!

पुढच्या महिन्यात उपासनेआधी गाठलं गुणवंतरावांना. "लिहा. प्रमोदिनीबाई पाटोळे यांचा गुडघा बरा झाल्याबद्दल, आणि डिंकाच्या लाडवानं बाळंतिणीची कंबर भरून येते त्याबद्दल, देवाचे आभार."

"पाटोळेबाई, हे आभार आहेत की पाककृती?"

"डिंक कुणी केला? देवानं! मग? लिहा, ओवा पण घाला त्यात."

वाचलं हो त्यांनी, ओव्यासकट! आणि पुढच्या महिन्यात उत्तर आलं, "सौ. वृंदा बळवंत, कंबरदुखी थांबल्याबद्दल आभार." असं सुरू झालं आमचं. पोरीचं नाव अलका ठेवलं, सूचनेत कळलं. दात आला, सूचनेत. कांजिण्या आल्या, गेल्या, सूचनेत. मी कळवायची, कडुनिंबाच्या पाल्याबद्दल देवाचे आभार! ती कळवायची, बळवंतांना बढती मिळाल्याबद्दल. मी कळवायची, घरातले मोठे माणूस हल्ली कमी जेवते, तरी धडधाकट आहे, त्याबद्दल. वर्षानुवर्षं! मंडळी सूचनांसाठी यायला लागली, प्रवचनाला डुलक्या आणि सूचनांना कान टवकारलेले. पुढे अलका चालायला लागली, आईचा हात धरून शेवटच्या बाकावर बसायची, आणि मी मान वळवून बघितलं की ती मला जीभ दाखवायची. तेवढीच आमची ओळख. आपल्याच घरची बातमी, आणि ऐकायची कुठे? चर्चमध्ये, सूचनांच्या वेळेला!

आणि ह्यांना काय वाटायचं? तुम्हाला सांगते, एकदा जानेवारीत असं धुकं पडलं होतं, वृंदा आली नाही, सूचनाही आली नाही. परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत म्हणतात, "आज सूचना फार लवकर आटोपल्या." एवढंच. आणि एकदा गुणवंतरावांना म्हणाले, "तुम्ही भरभर वाचता. गाजियाबादची नीट वाचत चला." मेल्या माणसा, एवढं कानात जीव आणून ऐकतोस, तर ऊठ की, चार बाक मागे जा की! पण नाही. पाटोळ्यांचं नाक!

मग ह्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर झाले, हॉस्पिटल झालं. डॉक्टरांनी मला काही सांगितलं नाही, म्हणजे सगळंच सांगितलं. सदरा अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. अशात एका दुसऱ्या रविवारी हे माझा हात धरून उपासनेच्या आधी पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, "बळवंतच्या लग्नाची सूचना वाचायची आहे."

पाळकसाहेब भले माणूस. म्हणाले, "पाटोळे, अहो, त्यांचं लग्न कधीच झालंय. त्यांची मुलगी शाळेत जाते! आता नावं कशी वाचायची?"

हे म्हणाले, "सरकारात आधी खर्च होतो आणि नंतर मंजुरी मिळते. त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. मी आयुष्यभर तेच काम केलं. सरकारात मिळते, ती देवाच्या घरी मिळत नाही का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "वाचा," म्हणाले.

आणि गुणवंतराव उठले. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, चिरंजीव बळवंत शांताराम पाटोळे आणि कुमारी…" अडकले ना! कुमारी मागे बसलेली, शेजारी तिची दात पडलेली लेक! मंडळीत पदर तोंडाला लागले, पुरुष खोकायला लागले, "…म्हणजे सौभाग्य… म्हणजे वृंदा, श्रीरंग आगाशे यांची कन्या, यांचा विवाह योजिला… योजिलेला होता. ही पहिली वेळ. कुणाची हरकत असल्यास कळवावी." सगळे हसले हो. मी पण हसले. आणि मागे बघते तर वृंदा बाकावर डोकं टेकून हुंदके देतेय.

मी घरी ह्यांचे पाय धरले. म्हटलं, उरलेल्या दोन हिंदी उपासनेत वाचून घ्या, पंधरा दिवसांत होतं! तर म्हणे, "आपली मंडळी ती आपली मंडळी." बरं, मग बोलवून तरी घ्या त्याला. "तिसरी झाली की येईल."

दुसरी वाचली तेव्हा ह्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. आणि त्या दिवशी बळवंत आला! आत नाही. खिडकीबाहेर, स्कूटरला टेकून, उन्हात उभा. केस कानाशी पिकलेले, माझ्या पोराचे… मी ह्यांना चिमटा काढला, "तो बघा!" ह्यांनी बघितलं. त्यानं बघितलं. अहो, मधे फक्त एक खिडकी, तीही उघडी! म्हटलं, "हाक मारा!" तर म्हणतात कसे, "एकच राहिली आहे आता." आणि मी धावत बाहेर गेले, शपथ गेली खड्ड्यात, म्हटलं बळवंता, चल आत. तर तो काय म्हणाला? "आई, एकच राहिलीय ना? होऊ दे त्यांच्या मनासारखं. पुढच्या महिन्यात घरीच येतो, सगळ्यांना घेऊन." दोघं मला समजावतायत! दोघं हसतायत! दोघांना वाटतंय की महिना आपल्या खिशातच आहे!

नव्हता हो.

एके दिवशी सकाळी ह्यांच्याकडे चहा घेऊन गेले, तर चहा घ्यायला माणूस नव्हतं.

बळवंत आला. आणि आला तो उंबऱ्याशी थांबला. आत ह्यांना ठेवलेलं, मंडळीची माणसं जमलेली, आणि हा एवढा मोठा बाप्या दाराच्या चौकटीला धरून लहान पोरासारखा उभा. म्हटलं, "ये की रे आत." म्हणाला, "आई, तिसरी राहिलीय गं." मी काय करू अशा माणसाचं? मारू की जवळ घेऊ? नाही आला आत. पेटी बाहेर आली तेव्हा पुढचा खांदा त्यानं दिला, आणि कबरस्तानापर्यंत कुणाला बदलू दिला नाही. माती लोटताना मोठ्यानं म्हणाला, "बाबा, मी आलोय." आता सांगून काय उपयोग?

मग दुसरा रविवार आला. गुणवंतराव माझ्याजवळ आले, हातात दोन कागद. "पाटोळेबाई, आज आपल्याकडच्या दोन सूचना आहेत. पाटोळेसाहेब प्रभूत निजल्याची, आणि… ही. आधी कोणती वाचू?"

मी म्हटलं, "लग्नाची. त्यांना आता कसली घाई नाही."

वाचली. एकदाही अडखळले नाहीत. "ही तिसरी आणि शेवटची वेळ. कुणाची हरकत असल्यास कळवावी." आणि थांबले. नेहमी थांबतात त्याहून जास्त थांबले. बळवंत पुरुषांच्या बाजूला, ह्यांच्या जागेच्या शेजारी बसला होता. जागा मोकळी ठेवली होती त्यानं. हरकत कोण घेणार? जो घेणारा होता, त्याचा कागद खालचा होता.

मग घरी आले सगळे. बळवंतनं उंबरा ओलांडला, वृंदानं ओलांडला, आणि अलका तर उडी मारूनच आली, घरभर हिंडली आणि म्हणाली, "आजी, आजोबा कुठे बसायचे?" मी खुर्ची दाखवली. ती जाऊन बसली त्यात. बळवंत भिंतीकडे तोंड करून रडला. मी नाही रडले. मला पोळ्या करायच्या होत्या, इतक्या वर्षांच्या.

आणि तुम्हाला सांगते, ज्या उंबऱ्यापायी एवढं महाभारत झालं ना, तो आमचा थोडाच होता? सरकारचा! थोड्या महिन्यांत क्वार्टर रिकामं करून द्यायची चिठ्ठी आली, आणि तिथे कुठलेसे नवीन साहेब राहायला आले.

बळवंतनं मला गाजियाबादला आणलं. आता माझी खाट अलकाच्या खोलीत. सून हातात चहा देते, मुलगा बाहेर पडताना सांगून जातो, देवानं दिलं, उशिरा दिलं, पण दिलं. आणि काय सांगू, ज्यांनी वर्षानुवर्षं एक शब्द काढला नाही, ती माणसं आता बोलायची थांबत नाहीत! बळवंत बोलतो, वृंदा बोलते, अलका तर झोपेतसुद्धा बोलते, "आजी ऐक ना, आजी सुन ना", दुपारची जरा पाठ टेकायची सोय नाही! म्हटलं, सेक्रेटरींना एक सूचनाच द्यावी, पाटोळ्यांच्या घरात थोडं गप्प बसावं म्हणून…

पण वाचायला दुसरा रविवार यावा लागतो ना!